नावेचं किती, नदीचं किती?

दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलाच धडा आहे ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. या धड्याच्या उदाहरणांत एक नाव हमखास भेटते. ती प्रवाहाच्या दिशेनं इतके किलोमीटर जाते, प्रवाहाच्या विरुद्ध तितके किलोमीटर येते आणि मग विचारते, ‘सांगा पाहू, संथ पाण्यात माझा वेग किती? आणि नदीचा किती?’

यावर जालन्यातल्या एखाद्या मुलीनं हात वर करून म्हटलं, ‘बाई, आपल्याकडे नाव आहेच कुठे?’ तर तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. शहरातून वाहणारी कुंडलिका वर्षातले बरेच महिने कोरडी असते. दुधना, गिरजा, केळना यांना पाणी दिसतं ते पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवायची पाळीही या जिल्ह्यावर आलेली आहे. अशा मुलखातल्या मुलांनी प्रवाहाचं गणित करायचं ते कशाच्या भरवशावर?

नकाशा उघडा आणि बोट खाली, दक्षिणेकडे सरकवा. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांची जमीन जिथं संपते तिथं गोदावरी वाहते. पलीकडे बीड जिल्हा. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावून १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी वाटेत आपल्या जिल्ह्याची सीमा आखून जाते. काठची माणसं तिला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठचा मुलूख म्हणजे गंगथडी. शहागडला आज धुळे–सोलापूर महामार्गाचा पूल आहे. गाडी बघता बघता बीड जिल्ह्यात उतरते. पूल नव्हते तेव्हा भरल्या गंगेतून पैलतीराला जायचं तर नावेशिवाय गत्यंतर नव्हतं.

तेव्हा आपल्या गणिताची नाव आपण याच काठाला बांधू. तिला एक लहानसं इंजिन आहे आणि ती चालवायला एक नावाडीकाका आहेत. काका मोसंबीची कॅरेट भरून नदीच्या खालच्या अंगाला १२ किलोमीटरवरच्या गावी जातात आणि रिकामी नाव घेऊन परत येतात. वाटेत बंधारा नाही असं धरू. हे मुद्दाम धरावं लागतं, कारण पैठणच्या खाली गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, लोणी सावंगी असे एकापाठोपाठ एक बंधारे आहेत. जोगलादेवीचा तर आपल्या घनसावंगी तालुक्यातच आहे. खरी नाव तिथं अडेल, गणितातली आपण जाऊ देऊ.

काकांना जायला १ तास लागतो. यायला ३ तास लागतात. नाव तीच, इंजिन तेच, अंतर तेच.

एवढ्यावरून तुम्हाला सांगायचं आहे की नावेचा स्वतःचा वेग किती आणि गंगेच्या धारेचा किती. नावेवर वेग दाखवणारा काटा नाही. नदीच्या अंगावर तर तो नसतोच. आपल्याकडे फक्त जाण्याचा आणि येण्याचा वेळ आहे. मला या प्रश्नाचं फार अप्रूप वाटतं ते यासाठीच. दोन गोष्टी एकमेकींत पूर्ण मिसळून गेल्या आहेत. एकही वेगळी काढून मोजता येत नाही, आणि तरीही दोन्ही अचूक सापडतात.

आधी त्या मिसळतात कशा ते पाहू. जालना स्टेशनातून गाडी सुटली आहे. ती ताशी ४० किलोमीटर वेगानं चालली आहे आणि तुम्ही डब्यातून इंजिनाच्या दिशेनं ताशी ४ किलोमीटर वेगानं चालताय. शेजारच्या बाकावरच्या आजोबांच्या मते तुमचा वेग ४. रुळालगतच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या मते ४४. तुम्ही मागं वळून चालायला लागलात तर आजोबा पुन्हा ४ म्हणतील आणि शेतातला माणूस म्हणेल ३६. दोघांचंही बरोबर आहे. एक जण डब्याच्या हिशेबानं बोलतोय, दुसरा जमिनीच्या. आता डब्याच्या जागी गंगेचं पाणी ठेवा आणि तुमच्या जागी नाव. नाव पाण्यावर चालते आणि पाणी नावेला घेऊन जमिनीवरून चालतं. धारेबरोबर जाताना काठावरच्या माणसाला दोन्ही वेगांची बेरीज दिसते, धारेविरुद्ध येताना वजाबाकी.

काका जाताना तासात १२ किलोमीटर गेले. म्हणजे बेरीज १२. येताना तेच १२ किलोमीटर कापायला ३ तास लागले, तासाला ४. म्हणजे वजाबाकी ४.

वर्गात आपण अशा वेळी अज्ञात संख्यांना इंग्रजी अक्षरं देतो. आज आपली जुनी पद्धत वापरून बघू. भास्कराचार्य आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात पहिल्या अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि तिच्यासाठी ‘या’ लिहितात. त्यापुढच्या अज्ञातांना त्यांनी रंगांची नावं दिली आहेत. कालक म्हणजे काळा, त्याचा ‘का’. नीलक म्हणजे निळा, त्याचा ‘नी’. मग पीतक, लोहितक असे रंग येत राहतात. अज्ञात संख्यांना रंग देणारं गणित! नावेचा वेग ‘या’ धरू, धारेचा ‘का’.

या + का = १२
या − का = ४

दोन्ही ओळींची बेरीज करा. वरच्या ओळीत ‘का’ मिळवलेला आहे, खालच्या ओळीत वजा केलेला आहे, तेव्हा तो उडून गेला. उरलं या + या = १६. म्हणजे नावेचा वेग ८. आणि १२ मधून ८ गेले की गंगेचे ४.

नदी कशी गुपचूप निघून गेली पाहिलंत? जाताना तिनं जेवढं दिलं, येताना तेवढंच काढून घेतलं. म्हणून जाण्याच्या आणि येण्याच्या वेगांची बेरीज केली की नदीचं सगळं देणंघेणं फिटतं आणि नावेचा वेग दोनदा मोजलेला उरतो. वजाबाकी केली की याच्या उलट होतं. नाव नाहीशी होते आणि नदी दोनदा मोजलेली उरते.

ही युक्ती फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी ‘लीलावती’ पूर्ण केली. त्यात या रीतीला ‘संक्रमण’ म्हटलं आहे. दोन संख्यांची बेरीज आणि फरक माहीत असेल तर फरक बेरजेत मिळवून निम्मं करा, मग बेरजेतून वजा करून निम्मं करा. मिळाल्या दोन्ही संख्या. त्यांनी उदाहरण दिलं आहे बेरीज १०१ आणि फरक २५ असलेल्या दोन संख्यांचं. तिथं ना नाव आहे ना नदी, नुसत्या दोन संख्या. पुढं वाचायच्या आधी तुम्ही करून बघा. १०१ आणि २५ मिळून १२६, त्याचे निम्मे ६३. १०१ मधून २५ गेले ७६, त्याचे निम्मे ३८. आता या १०१ आणि २५ च्या जागी आपले १२ आणि ४ ठेवा. गंगेतली नाव आणि लीलावतीतल्या संख्या एकाच वाटेनं सुटतात.

भास्कराचार्यांचं गणित आपल्या भागाला परकंही नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचं ठिकाण आहे, पाटणादेवीचं. तिथल्या एका शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याच्या पिढ्या नोंदवलेल्या आहेत. त्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजाचे, सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांनी तिथं मठ स्थापन केला, असं तो शिलालेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात तो जगापुढं आणला. देवगिरीचा किल्ला जालन्याहून काही फार लांब नाही. आठशे वर्षांपूर्वी या टापूत मुलं बसून संक्रमण शिकत असतील, या विचारानं मला फार आनंद होतो.

आता काकांकडे परत. जाताना नदीनं ४ ची मदत केली, येताना ४ चाच अडथळा केला. मग हिशेब बरोबरीत सुटला ना? धार नसती तरी काकांना येऊन-जाऊन तेवढाच वेळ लागला असता, नाही का?

मोजून बघा. धार नसेल तर ८ च्या वेगानं २४ किलोमीटर म्हणजे ३ तास. धार ४ ची असताना १ आणि ३ मिळून ४ तास लागले. नदीनं काकांचा एक तास खाल्ला!

असं का झालं? नदीची मदत काकांना फक्त एक तास मिळाली, कारण मदत होती म्हणूनच तो प्रवास तासाभरात संपला. आणि विरोध मात्र तीन तास सोसावा लागला, कारण विरोध होता म्हणूनच तो प्रवास लांबला. सुख लवकर संपतं आणि त्रास रेंगाळतो. म्हणून १२ आणि ४ यांची सरासरी काढून ‘एकूण वेग ८’ असं उत्तर लिहिणाऱ्याचे गुण जातात. सबंध प्रवास २४ किलोमीटरचा, वेळ ४ तास. सरासरी वेग ६.

धार थोडी थोडी वाढवत नेली तर काय होतं ते बघणं मला फार आवडतं. धार २ ची असेल तर सगळा प्रवास ३ तास १२ मिनिटांचा. म्हणजे धार नसतानापेक्षा जेमतेम १२ मिनिटं जास्त. धार ४ झाली की ४ तास. धार ६ झाली की जायला ५१ मिनिटं पुरतात, पण परतीला ६ तास. एकूण ६ तास ५१ मिनिटं. धार ७ ची झाली तर परतीचा वेग ताशी अवघा १ किलोमीटर. यायलाच १२ तास लागतात आणि एकूण होतात १२ तास ४८ मिनिटं. धार शून्यावरून दोनवर गेली तेव्हा १२ मिनिटांचा फरक, आणि सहावरून सातवर जाताना जवळजवळ सहा तासांचा.

आणि धार ८ झाली तर? नावेचे ८, धारेचे ८, वजाबाकी शून्य. इंजिन धडधडतंय, नावेचं तोंड घराकडे आहे, नाकाशी पाणी फेसाळतंय आणि काठावरचं बाभळीचं झाड जिथल्या तिथं! धार १० ची झाली तर वजाबाकी उणे २ येते. गणितात उणे उत्तर आलं की अनेक मुलं घाईनं खोडून टाकतात. इथं खोडू नका. ते उणे २ खरंच घडत असतं. तोंड घराकडे ठेवून नाव ताशी २ किलोमीटर वेगानं मागं मागं, खालच्या अंगाला वाहत चाललेली असते.

गंगेला असा वेग येऊ शकतो का? पावसाळ्यात बातम्यांत तुम्ही ‘जायकवाडीतून इतके क्युसेक पाणी सोडलं’ असं ऐकता. पैठणच्या या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. त्याच्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात आणि जालना शहराच्या नळालाही तिथलं पाणी येतं. धरणाला २७ दरवाजे आहेत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. समजा १ लाख क्युसेक सोडलं. सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर, म्हणजे २८०० घनमीटर पाणी! नदीचं पात्र तिथं ४०० मीटर रुंद आणि पाणी सरासरी ४ मीटर खोल आहे असं धरा. पाण्याचा उभा छेद १६०० चौरस मीटरचा झाला. २८०० ला १६०० नं भागा. सेकंदाला पावणेदोन मीटर, म्हणजेच ताशी सव्वासहा किलोमीटरच्या वर. वल्ह्यानं चालणारी साधी होडी ताशी चारेक किलोमीटर जात असेल तर तिची वजाबाकी उणे आली. दरवाजे उघडायच्या आधी गंगथडीच्या गावांना सावध करतात, नदीपात्रात उतरू नका म्हणून सांगतात, त्यामागं पाण्याच्या उंचीबरोबर हेही गणित आहे.

आता एक गंमत. काकांच्या नावेत एक आजी बसल्या आहेत आणि नाव धारेविरुद्ध घराकडे निघाली आहे. आजींच्या पिशवीतला नारळ हळूच पाण्यात पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही. १५ मिनिटांनी आजी ओरडल्या, ‘अगं बाई, माझा नारळ!’ काकांनी तिथल्या तिथं नाव वळवली. नारळ किती वेळात हाती लागेल?

कागदावर करायचं तर असं होईल. १५ मिनिटांत नाव ४ च्या वेगानं १ किलोमीटर वर गेली. नारळ धारेबरोबर १ किलोमीटर खाली गेला. दोघांत २ किलोमीटरचं अंतर पडलं. आता नाव १२ च्या वेगानं येते आणि नारळ ४ च्या वेगानं पुढं पळतोय, म्हणजे अंतर तासाला ८ नं कमी होतं. २ भागिले ८, पाव तास. उत्तर १५ मिनिटं.

जितका वेळ दूर गेली तितकाच वेळ परत यायला लागला? योगायोग असेल म्हणून धार ६ ची धरा, २ ची धरा. दर वेळी १५ मिनिटंच येतील. कारण शोधायचं तर काठ सोडा आणि मनानं नारळावर जाऊन बसा. नारळ पाण्याबरोबर वाहतोय, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं पाणी हलतच नाही. त्याला दिसतं ते एवढंच की नाव आपल्यापासून ८ च्या वेगानं लांब गेली आणि ८ च्याच वेगानं परत आली. जायला १५ मिनिटं लागली तर यायलाही १५. काठ मागं सरकतोय, पण त्याच्याशी नारळाला काय करायचंय? काठावरच्या माणसाला तीन ओळींचं गणित करावं लागलं, नारळानं ते न करताच सोडवलं. गणित अवघड वाटलं की बघण्याची जागा बदलायची, ही फार मोठ्या शास्त्रज्ञांची सवय आहे. गॅलिलिओनं १६३२ सालच्या आपल्या ग्रंथात वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेऊन बसवलं होतं. सरळ आणि संथ चाललेल्या जहाजाच्या पोटात बसून ते चालतंय की थांबलंय हे ओळखता येत नाही, हे त्याला पटवायचं होतं.

आतापर्यंत आपण नदीच्या लांबीनं गेलो. पण जुन्या काळी लोकांना मुख्यतः नदी ओलांडायची असायची. त्याचं गणित आणखी सुरेख आहे. पात्र ४०० मीटर, होडीचा वेग ताशी ४ किलोमीटर, धार ताशी ३. होडीचं तोंड सरळ समोरच्या काठाकडे धरलं तर पलीकडे जायला ६ मिनिटं लागतात. धार नसती तरीही ६ मिनिटंच लागली असती! धार होडीला आडवी ओढते, पुढं जायला ती मदतही करत नाही आणि अडवतही नाही. फक्त त्या ६ मिनिटांत होडी ३०० मीटर खाली वाहत जाते. समोर ४००, बाजूला ३००, तेव्हा तिरका रस्ता ५०० मीटरचा. पायथागोरसचा त्रिकोण गंगेच्या पात्रात आडवा पडलेला असतो.

बरोब्बर समोरच उतरायचं असेल तर तोंड वरच्या अंगाला तिरपं धरावं लागतं. मग होडीचा थोडा वेग धारेला तोंड देण्यात खर्च होतो आणि ६ ऐवजी ९ मिनिटं लागतात. म्हणून अनुभवी नावाडी काय करतात? काठाकाठानं आधी थोडं वर जातात आणि मग नाव धारेत घालतात. धार तिला खाली ओढत ओढत नेमकी घाटाशी आणून लावते. काठाकाठानंच का, तर काठाशी आणि तळाशी पाणी घासत जातं, तिथं ते मंद असतं. मधल्या धारेत ते सर्वांत जोरात धावतं. वर जाताना काठ धरायचा आणि खाली येताना मध्य गाठायचा, हे नावाड्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतं.

ओलांडताना खाली वाहत जाण्याची किंमत किती मोठी असू शकते, याची साक्ष याच पट्ट्यात आहे. शहागडच्या बाजूलाच, बीड जिल्ह्याच्या काठावर राक्षसभुवन आहे. १७६३ सालचा ऑगस्ट महिना. पुण्याची लूट आणि जाळपोळ करून निजाम अली औरंगाबादकडे परतत होता. गोदावरीला पूर होता. सैन्य एका दमात पार होणं शक्यच नव्हतं. निजाम काही फौज घेऊन उत्तर काठाला, म्हणजे आपल्या बाजूला उतरला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. १० ऑगस्टला मराठ्यांनी नेमकी तिथं त्याला गाठलं. माधवराव पेशवे तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. पलीकडे उभ्या असलेल्या निजामाला मदत पाठवता येईना, कारण मधे भरलेली गंगा होती. नाव खाली वाहत जाणार, तिला काठाकाठानं वर ओढून आणायचं, पुन्हा माणसं भरायची, पुन्हा धारेत घालायची. या गणितात एकेका फेरीला किती वेळ जातो हे आता तुम्ही सांगू शकता. धार जितकी जोराची, तितका तो वेळ वाढत जातो.

धारेचा वेग स्वतः मोजून बघावासा वाटला तर नदीत मुळीच उतरू नका. मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि शेतातला उथळ पाट निवडा. ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा पाण्यात सोडा आणि १० मीटर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. २० सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा मीटर, ताशी १.८ किलोमीटर. पण चिपाड वरच्या पाण्याबरोबर धावतं आणि खालचं पाणी हळू असतं, म्हणून मोजणारे लोक या उत्तराला साधारण ०.८५ नं गुणून सगळ्या पाण्याचा सरासरी वेग काढतात.

मोठ्या नद्यांसाठी पाण्यात सोडायची छोटी भिरभिऱ्यासारखी यंत्रं असतात. धार जोराची असेल तेवढी ती वेगानं फिरतात. पण किती फेऱ्या म्हणजे किती वेग, हे आधी ठरवावं लागतं. ते कसं ठरवतात माहीत आहे? वाहत्या पाण्यात अजिबात नाही! पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथं लांबलचक हौदात पाणी निश्चल ठेवतात आणि रुळांवरून चालणाऱ्या गाडीला ते यंत्र टांगून ठरावीक वेगानं पाण्यातून ओढत नेतात. पाणी स्थिर आणि यंत्र चालतंय, की यंत्र स्थिर आणि पाणी चालतंय, भिरभिऱ्याला दोन्ही सारखंच. आपला नारळ हेच तर सांगत होता.

आणि आता मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट. मोठमोठ्या जलवाहिन्यांमधून आणि कालव्यांमधून किती पाणी गेलं हे मोजायला आज ध्वनीचे मीटर वापरतात. आपल्या कानांना ऐकू न येणारा ध्वनी एका बाजूनं पाण्यात सोडतात. तो धारेबरोबर तिरका पलीकडे जातो. मग पलीकडून तसाच ध्वनी धारेविरुद्ध परत सोडतात. दोन्ही वेळा मोजतात. म्हणजे ध्वनी ही नाव झाली! संथ पाण्यात तिचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर. पाणी सेकंदाला २ मीटर चाललं असेल तर एका दिशेला १४८२ आणि दुसऱ्या दिशेला १४७८. सोपं जावं म्हणून ध्वनी धारेच्या रेषेतच गेला असं धरलं तर मीटरभर अंतरात दोन्ही वेळांमधला फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पटही भरत नाही, पण यंत्र तो पकडतं. यात आणखी एक अडचण आहे. पाणी गार-गरम झालं की ध्वनीचा वेग बदलतो. उन्हाळ्यात वेगळा, हिवाळ्यात वेगळा. मग मीटर चुकणार नाही का? नाही. यंत्र जाण्याच्या आणि येण्याच्या वेगांची वजाबाकी करतं. ध्वनीचा वेग, तो कितीही असो, दोन्हींतून उडून जातो. उरतो तो फक्त पाण्याचा वेग, दोनदा मोजलेला. या आणि का, बेरीज आणि वजाबाकी. काकांच्या नावेत जे झालं तेच पाइपात सेकंदाला कितीतरी वेळा होत राहतं.

जाता जाता एक उदाहरण तुमच्यासाठी. गंगेच्या काठावर दोन गावं आहेत, एकमेकांपासून १८ किलोमीटर. सकाळी ७ वाजता दोन्ही गावांतून एकेक नाव सुटते, एक धारेबरोबर, एक धारेविरुद्ध. संथ पाण्यात दोघींचा वेग ताशी ६ किलोमीटर, आणि धार त्याहून कमी आहे. त्या किती वाजता भेटतील? धारेचा वेग मी मुद्दामच सांगितलेला नाही.